वातानुकूलनातील नियंत्रण संदेशवहन

वातानुकूलन यंत्रणेच्या निरनिराळ्या भागांमध्ये तापमान, आर्द्रता, दाब इत्यादींविषयीची माहिती व तिच्यावर आधारलेल्या आज्ञा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविण्याच्या क्रियेस नियंत्रण संदेशवहन म्हणतात. खोलीतील हवा थंड झाली आहे किंवा नाही हे खोलीत समजते. परंतु त्यानुसार चालू वा बंद करावयाचा संपीडक पुष्कळदा गच्चीवर, तळघरात किंवा इमारतीच्या मागील बाजूस असतो. या दोन ठिकाणांमधील अंतर ओलांडण्यासाठी माणूस, दाबाखालील हवा, खुद्द प्रशीतक, विद्युत् तार आणि रेडिओ तरंग असे निरनिराळे दूत आजवर वापरण्यात आले. दोन्ही ठिकाणांना जोडणारे प्रशीतकाचे नळ हे यांपैकी एका मार्गाचे विशेष उदाहरण होय. आरंभीच्या काळात नळातील दाबाने संदेश नेला. त्यानंतर हे काम तारेकडे गेले आणि एकविसाव्या शतकात नळाच्या धातूचाच विद्युत् संवाहक म्हणून उपयोग करण्याचे प्रयत्न झाले. प्रस्तुत नोंदीत या संक्रमणाचा इतिहास व त्यामागील तत्त्वे दिली आहेत.

प्रशीतन चक्राचे स्वरूप : संदेशवहनाची अडचण समजण्यासाठी चक्राची थोडक्यात ओळख आवश्यक आहे. बाष्पित्रात कमी दाबाखाली द्रव प्रशीतक उकळतो व खोलीतील उष्णता शोषून घेतो. तयार झालेले बाष्प संपीडक ओढून घेतो व त्याचा दाब वाढवितो. संघनकात उष्णता बाहेर टाकून बाष्पाचा पुन्हा द्रव होतो आणि प्रसरण झडपेतून दाब उतरून हा द्रव बाष्पित्रात परत येतो. विभक्त प्रकारच्या यंत्रात बाष्पित्र खोलीत आणि संपीडक व संघनक बाहेर असतात. त्यांना जोडणारे तांब्याचे दोन नळ असतात : बाष्प परत नेणारा जाड शोषण नळ आणि द्रव आणणारा बारीक द्रव नळ. बाहेरच्या भागाला आतली गरज कळली नाही, तर केवळ खोली गरम राहते असे नाही. बाष्पित्रात न उकळलेला द्रव संपीडकात शिरल्यास त्याच्या झडपा वा दट्टे मोडू शकतात. उलट द्रव अपुरा पडल्यास संपीडक तापून त्याची वेटोळी जळू शकतात. संपीडक हा यंत्रातील सर्वांत महागडा भाग असल्याने संदेशाची चूक ही यंत्राच्या आयुष्याची बाब ठरते.

आरंभीचे प्रयत्न : तापमानाने आपोआप चालणाऱ्या नियंत्रकाची कल्पना वातानुकूलनापेक्षा पुष्कळ जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या पेटीसाठी द्रवाच्या प्रसरणावर चालणारा नियंत्रक तयार केला होता. १८३० मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी द्विधातूच्या पट्टीवर आधारलेल्या नियंत्रकाचे एकस्व घेतले व त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. या दोन्ही साधनांत मापन व कृती एकाच जागी होत असल्यामुळे संदेश दूर नेण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

तो प्रश्न मोठ्या इमारतींच्या केंद्रीय तापनामुळे निर्माण झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरेन जॉन्सन हे प्राध्यापक होते. तेथील रखवालदार दर थोड्या वेळाने प्रत्येक वर्गात शिरून तापमापक पाहत असे व मग तळघरात जाऊन हवेच्या झडपा कमीजास्त उघडत असे. या ये-जेमुळे अध्यापनात सतत व्यत्यय येई. जॉन्सन यांनी वर्गातील तापमानानुसार तळघरात घंटा वाजविणारे विद्युत् साधन योजले व १८८३ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. या व्यवस्थेत निरोप तारेने जात असला, तरी कृती माणसाच्याच हातून होत होती. १८८५ मध्ये त्यांनी मिलवॉकी येथे कंपनी स्थापन केली. याच सुमारास मिनीआपोलिस येथील अ‍ॅल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीच्या हवेची झडप साखळीने उचलणारी विद्युत् यंत्रणा तयार केली व १८८६ मध्ये तिचे एकस्व घेतले. खोली थंड झाली की झडप उघडून कोळशाला अधिक हवा मिळत असे. माणसाचा मध्यस्थपणा येथे संपला.

वायुदाबाने संदेशवहन : त्या काळी विद्युत् शक्तीचा पुरवठा अनिश्चित होता व घटमालांची देखभाल कष्टाची होती. त्यामुळे जॉन्सन यांच्यासह अनेकांनी दाबाखालील हवेचा आश्रय घेतला. तळघरातील लहान संपीडक हवा पुरवितो. बारीक नळीने ती प्रत्येक खोलीतील तापनियंत्रकाकडे जाते. नियंत्रकात सूक्ष्म छिद्रासमोर एक पट्टी असते. तापमान बदलले की पट्टी छिद्राजवळ येते किंवा दूर जाते. हवेची गळती कमीजास्त होते व पुढच्या नळीतील दाब त्या प्रमाणात बदलतो. हा दाब दूरवरच्या झडपेवरील पटलाला ढकलतो. कालांतराने अशा संदेशासाठी दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड (सु. ०·२ ते १ बार) हा पल्ला सर्वमान्य झाला. आरंभबिंदू शून्याऐवजी ३ पौंड ठेवल्यामुळे खालच्या टोकाचा संदेश आणि तुटलेली नळी यांतील फरक ओळखता येतो. हेच तत्त्व पुढे विद्युत् संदेशांच्या ४ ते २० मिलिअँपिअर या पल्ल्यात स्वीकारले गेले.

हवेचा दूत केवळ निरोप नेत नसे, तर झडप हलविण्याचे बळही स्वतःबरोबर नेई. ठिणगीचा धोका नसल्याने कापसाच्या धुळीने भरलेल्या जागीही तो सुरक्षित होता. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आर्द्रता-नियंत्रणाची योजना आखली. ही आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानली जाते. ‘वातानुकूलन’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा स्ट्युअर्ट क्रेमर यांनी १९०६ मध्ये कापड-गिरण्यांच्या संदर्भातच वापरली. सूत तुटू नये म्हणून हवा ठराविक दमट ठेवण्याची गरज मुंबई व अहमदाबाद येथील गिरण्यांनाही होती. हवा प्रथम पाण्याच्या फवाऱ्यात संपृक्त करून मग ठराविक तापमानापर्यंत तापविण्याची दवबिंदू-नियंत्रणाची पद्धती अचूक व सतत मिळणाऱ्या संदेशाशिवाय चालणे शक्य नव्हते.

वायुचलित पद्धतीचे दोषही लवकरच ध्यानात आले. हवेतील पाणी व संपीडकातील तेल नळ्यांत साचून सूक्ष्म छिद्रे बुजत. सांध्यांतून गळती होत असे. लांब नळीत हवा भरण्यास वेळ लागल्याने निरोप उशिरा पोहोचे. तरीसुद्धा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मोठ्या इमारतींत ही पद्धती टिकून राहिली.

प्रशीतकाचा दाब हाच संदेश : शीतगृहे, घरगुती प्रशीतके व लहान वातानुकूलन यंत्रे यांत वेगळ्या हवेच्या नळीची आवश्यकता भासली नाही. संदेश वाहून नेणारा पदार्थ त्यांच्या नळांत आधीपासूनच होता. द्रव व बाष्प एकत्र असताना कोणत्याही प्रशीतकाचा दाब त्याच्या तापमानावरून ठरतो. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-२२ या प्रशीतकाचा निरपेक्ष दाब ०° से. ला सु. ५ बार, तर ५° से. ला सु. ५·८ बार असतो. म्हणजे दाब मोजणे हे येथे तापमान मोजण्यासारखेच आहे आणि दाब नळातून दूर जाऊ शकतो.

या गुणधर्माचा पहिला उपयोग तापचलित प्रसरण झडपेत दिसतो. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या झडपांचा प्रसार होऊ लागला. बाष्पित्रातून बाहेर पडणाऱ्या शोषण नळावर एक लहान धातूची कुपी घट्ट बांधलेली असते. कारागीर तिला बल्ब म्हणतात. कुपीत थोडा प्रशीतक भरलेला असून ती केशनलिकेने झडपेच्या पटलावरील पोकळीशी जोडलेली असते. कुपीतील दाब झडप उघडू पाहतो. बाष्पित्रातील दाब व स्प्रिंगचा जोर ती बंद करू पाहतात. बाष्प प्रमाणाबाहेर तापले की कुपीचा दाब वाढून अधिक द्रव आत येतो. द्रव न उकळता बाहेर पडू लागला की कुपी थंड होऊन झडप मिटते. बाष्प त्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साधारणतः ४° ते ७° से. अधिक तापलेले राहील अशी स्प्रिंग बसविलेली असते. या साधनात मापक, दूत व आज्ञापालक हे तिघेही एकाच बंद नळीत सामावलेले आहेत. डेन्मार्कमध्ये मॅड्स क्लाउसेन यांनी १९३३ मध्ये आल्स बेटावर सुरू केलेला डॅनफॉस उद्योग स्वयंचलित प्रसरण झडपांच्या निर्मितीतूनच वाढला.

कुपी बसविण्याच्या जागेला फार महत्त्व आहे. मोठ्या व्यासाच्या आडव्या नळाच्या तळाशी तेल वाहत असल्यामुळे तेथे खरे तापमान कळत नाही. म्हणून ती घड्याळातील चार किंवा आठच्या काट्याच्या स्थितीत बांधतात. पट्टा सैल असल्यास कुपीला सभोवारची हवा लागते, झडप अकारण उघडते व द्रव संपीडकाकडे जातो. कुपीतील भरण गळून गेल्यास झडप मिटून यंत्र थंड करणे थांबविते. संदेश तुटला तरी संपीडकाकडे द्रव जाऊ नये ही खबरदारी या जुन्या रचनेत अंगभूतच आहे.

याहून लांब पल्ल्याचे उदाहरण शीतगृहांतील उपसा-नियंत्रणाचे आहे. खोलीतील तापनियंत्रक संपीडकाला कोणताही निरोप पाठवीत नाही. तो फक्त जवळच्या द्रव नळावरील विद्युत् चुंबकीय झडप बंद करतो. बाष्पित्रात नवा द्रव येणे थांबते, संपीडक उरलेले बाष्प ओढून घेतो व शोषण नळातील दाब उतरत जातो. ठरलेल्या मर्यादेखाली दाब गेला की संपीडकाजवळचा दाब-स्विच त्याला बंद करतो. खोली पुन्हा तापली की झडप उघडते, दाब चढतो व संपीडक सुरू होतो. खोली आणि यंत्रघर यांच्यामध्ये एकही नियंत्रण-तार नसताना ‘थांब’ व ‘चाल’ हे दोन्ही निरोप प्रशीतकाच्या नळातूनच पोहोचतात. शिवाय यंत्र बंद असताना बाष्पित्रात द्रव साचून न राहिल्यामुळे पुन्हा सुरू होताना संपीडकाला धोका उरत नाही.

मोठ्या दट्ट्याच्या संपीडकांतही असाच उपाय योजण्यात आला. शोषण दाब उतरला म्हणजे भार कमी झाला, असे समजून काही सिलिंडरांच्या झडपा उघड्या ठेवल्या जातात व तेवढे सिलिंडर निष्क्रिय होतात. एकाच संपीडक-समूहावर अनेक शीतकपाटे चालविणाऱ्या दुकानांतही शोषण दाबावरूनच किती संपीडक चालवावयाचे ते ठरते.

दाबाच्या संदेशाची एक मूलभूत मर्यादा मात्र आहे. दाबाची लहर बाष्पात ध्वनीच्या वेगाने, म्हणजे आर-२२ मध्ये सेकंदाला सु. १६० ते १८० मी., जात असली, तरी संपूर्ण नळातील दाब प्रत्यक्ष बदलण्यास अधिक वेळ लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका शोषण नळाला अनेक खोल्या जोडलेल्या असल्यास दाब त्या सर्वांची बेरीज सांगतो. कोणत्या खोलीची मागणी आहे हे सांगत नाही. तिसऱ्या मजल्यावरची खोली तापली असून पाचव्या मजल्यावरची रिकामी आहे, एवढा साधा निरोप नेण्यासही तो असमर्थ असतो.

विद्युत् तार व अंकीय संदेश : वीजपुरवठा सार्वत्रिक व खात्रीचा झाल्यावर तारेने जाणारे नियंत्रण स्वस्त पडू लागले. घरगुती यंत्रांत कमी दाबाच्या विद्युत् मंडलावर चालणारे तापनियंत्रक रूढ झाले. हनीवेल कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेला गोल आकाराचा तापनियंत्रक त्यांत विशेष प्रसिद्धी पावला. भारतात मुंबईचे रीगल हे १९३३ मध्ये सुरू झालेले चित्रपटगृह आरंभीच्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी होय. अशा इमारतींत एकच मोठे दालन थंड करावयाचे असल्याने संदेशांची संख्या थोडी होती.

अनेक लहान खोल्यांची स्वतंत्र मागणी पुरविण्याचा प्रश्न जपानमध्ये निकडीचा झाला. १९८२ मध्ये डायकिन कंपनीने एका बाह्य भागाला अनेक आंतर भाग जोडणारी व प्रशीतकाचा प्रवाह गरजेनुसार बदलणारी पद्धती बाजारात आणली. याच काळात संपीडकाचा वेग बदलणारे इन्व्हर्टर आणि पायरीपायरीने फिरणाऱ्या चलित्राने उघडणारी इलेक्ट्रॉनिय प्रसरण झडप यांचाही प्रसार झाला. आता निरोप ‘चालू’ वा ‘बंद’ एवढाच राहिला नाही. प्रत्येक आंतर भागाचा क्रमांक, खोलीचे तापमान, निवडलेले तापमान, झडपेची स्थिती व बिघाडाचा संकेत ही सर्व माहिती दोन तारांच्या जोडीवरून अंकीय स्वरूपात क्रमाने पाठविली जाऊ लागली. घरगुती विभक्त यंत्रांत वीजपुरवठ्याच्या तारांबरोबर एक संदेश-तार जाते व उदासीन तारेचा परतीचा मार्ग म्हणून उपयोग होतो.

निरनिराळ्या निर्मात्यांच्या यंत्रांची भाषा परस्परांना कळत नसल्याने समान नियमावलीची आवश्यकता भासली. अमेरिकेतील तापन, प्रशीतन व वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ मध्ये या कामास आरंभ केला व १९९५ मध्ये ‘बॅकनेट’ हे मानक प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

तारेच्या अडचणी : तारेने अनेक प्रश्न सोडविले, तसे काही निर्माणही केले. नळ व तार हे दोन स्वतंत्र मार्ग असून ते बहुधा वेगवेगळ्या कारागिरांच्या हातून टाकले जातात. दोन खोल्यांच्या तारा परस्परांत बदलल्या गेल्या, तर पहिल्या खोलीच्या मागणीवर दुसऱ्या खोलीच्या नळाची झडप उघडते. मागणी करणारी खोली तापलेलीच राहते आणि दुसऱ्या खोलीतील बंद पंख्याच्या बाष्पित्रावर बर्फ साचतो. अशा वेळी प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासल्यास निर्दोष आढळतो. म्हणून हा दोष शोधणे कठीण असते. काही बहुकक्षी यंत्रांत यासाठी तपासणीची विशेष सोय असते : बाह्य भाग एकेक झडप उघडून कोणत्या खोलीचे बाष्पित्र थंड होते ते पाहतो व त्यावरून तारांची जोडणी ताडून घेतो. तारेने दिलेल्या माहितीची खातरजमा येथे प्रशीतकाकडून करून घेतली जाते. अनेक भाग एकाच तारेवर असताना प्रत्येकाचा क्रमांक बिनचूक नोंदविणे हेही जिकिरीचे काम असते.

दुसरी अडचण जुन्या इमारतींची आहे. १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर ओझोनास घातक अशी प्रशीतके टप्प्याटप्प्याने वर्ज्य होत गेली आणि अनेक इमारतींतील यंत्रे बदलणे भाग पडले. भिंती व छतांत गाडलेले तांब्याचे नळ, योग्य त्या व्यासाचे व जाडीचे असल्यास, स्वच्छ करून पुन्हा वापरता येतात. परंतु जुन्या तारा नव्या संदेशाला पुष्कळदा अपुऱ्या ठरतात किंवा अस्तित्वातच नसतात. नवी तार ओढण्यासाठी छत उघडावे लागते, भिंतीला भोके पाडावी लागतात आणि चालू कार्यालय वा रुग्णालय काही काळ रिकामे करावे लागते. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाचा २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. अशा इमारतींत प्रत्येक नवे भोक हा जतनाचाही प्रश्न ठरतो.

अस्तित्वातील मार्गांचा उपयोग : दुसऱ्याच कामासाठी टाकलेल्या संवाहकावरून संदेश नेण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकी सैन्यातील अधिकारी जॉर्ज स्क्वायर यांनी १९१० मध्ये एकाच तारेवरून वाहक तरंगांच्या साह्याने अनेक संभाषणे नेण्याची पद्धती दाखविली. वीज कंपन्यांनी पुढे पुरवठ्याच्या तारांवरच वेगळ्या कंप्रतेचे संकेत सोडून पाणी तापविण्याची साधने व रस्त्यांवरील दिवे यांचे नियंत्रण केले. घरातील विजेच्या तारांवरून उपकरणांना आज्ञा देणारी ‘एक्स-१०’ पद्धती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील एका कंपनीने विकसित केली. तेलविहिरी खोदताना छिद्रकाजवळची माहिती चिखलाच्या स्तंभातील दाबाच्या ठोक्यांनी वर आणण्याचे तंत्र १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व्यवहारात आले. वातानुकूलनाच्या हवा-वाहिन्यांचा रेडिओ तरंगांसाठी तरंगमार्गदर्शक म्हणून उपयोग करण्याविषयी कार्नेगी मेलन विद्यापीठात डॅनिएल स्टॅन्सिल व त्यांचे सहकारी यांनी २००० च्या सुमारास संशोधन केले.

प्रशीतक नळांतून विद्युत् संदेश : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमधील निर्मात्यांनी आंतर व बाह्य भागांमधील संदेश प्रशीतकाच्या नळांवरूनच नेण्याच्या पद्धतींची एकस्वे घेतली. वरवर पाहता नळ या कामासाठी अनुकूल आहेत. तांबे उत्तम संवाहक आहे. दोन नळ म्हणजे जाण्याचा व परतीचा असे दोन संवाहक होत. त्यांच्यावर चढविलेले फेसाळ रबराचे वा प्लॅस्टिकचे उष्णता-निरोधक वेष्टन काही प्रमाणात विद्युत् निरोधनही करते. आतील प्रशीतक व तेल विजेचे वाहक नसल्यामुळे त्यांचा संदेशाला अडथळा होत नाही. नळ पोकळ असल्यानेही बिघडत नाही. कारण उच्च कंप्रतेचा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागालगतच वाहतो. तांब्यात १०० किलोहर्ट्‌झ कंप्रतेला ही खोली सु. ०·२ मिमी. असते, तर लहान नळाच्या भिंतीची जाडी सु. ०·८ मिमी. असते.

खरी अडचण टोकांपाशी आहे. दोन्ही नळ एका टोकाला बाष्पित्राशी व दुसऱ्या टोकाला बाह्य भागाशी धातूने जोडलेले असतात. ही जोडणी भूसंपर्कितही असते. म्हणजे विद्युत् दृष्ट्या दोन्ही टोकांना नळांचे लघुमंडल झालेले असते आणि साध्या घंटेसारखा एकदिश प्रवाह पाठविल्यास तो टोकाशीच वळून जातो. नळांत निरोधक सांधा घालावा, तर उच्च दाबाखाली गळतीची एक नवी जागा निर्माण होते व दोषप्रवाह जमिनीत जाण्याचा एक मार्गही तुटतो. म्हणून नळ न कापता त्याच्याभोवती फेराइटचे कडे बसविण्यात येते. कड्यातून जाणारा नळ हा एका फेऱ्याच्या वेटोळ्यासारखा वागतो. कडे उच्च कंप्रतेच्या प्रवाहाला मोठा संरोध करते, परंतु ५० हर्ट्‌झच्या प्रवाहाला त्याचा अडथळा जवळजवळ नसतो. परिणामी संदेशाच्या दृष्टीने नळाचा मधला भाग टोकांपासून वेगळा पडतो, तर सुरक्षिततेच्या दृष्टीने तो अखंडच राहतो. दोन्ही टोकांच्या कड्यांमधील भागावर वाहक तरंग सोडून त्यांवर अंकीय संदेश चढविला जातो.

या पद्धतीचा लाभ केवळ तारेच्या बचतीचा नाही. ज्या नळाने खोली थंड होते त्याच नळाने तिचा निरोप जातो. म्हणून नळ व तार यांची अदलाबदल होण्याचा प्रश्नच उरत नाही. कोणते आंतर भाग कोणत्या बाह्य भागाचे आहेत, हे जोडणीवरूनच बव्हंशी निश्चित होते. दाबाने जाणाऱ्या जुन्या संदेशात हा गुण होता. तार आल्यावर तो नाहीसा झाला. नळावरील अंकीय संदेशात तो प्रत्येक खोलीच्या स्वतंत्र निरोपासह परत मिळतो.

मर्यादा : नळ हे संदेशासाठी आखलेले नसतात. त्यांना फांद्या फुटलेल्या असतात व प्रत्येक फाट्यावर उच्च कंप्रतेच्या तरंगाचा काही भाग परावर्तित होतो. वेष्टन फाटून नळ लोखंडी आधाराला टेकल्यास संदेश तेथे जमिनीत जातो. इन्व्हर्टरवर चालणारा संपीडक स्वतःच विद्युत् गोंगाटाचा उगम असतो आणि तो गोंगाट नळांवरही उतरतो. उलट लांब नळ आकाशकासारखा वागून इतर साधनांना उपद्रव देऊ शकतो. त्यामुळे संदेशाची शक्ती मर्यादित ठेवावी लागते. शेजारच्या यंत्राचे नळ एकाच मार्गाने गेले असल्यास एकाचा निरोप दुसऱ्याला ऐकू जाण्याचा संभव असतो. या कारणांमुळे साध्या दोन तारांची जोडी व रेडिओ संदेशवहन यांची जागा या पद्धतीने सर्वत्र घेतलेली नाही. नव्या इमारतीत नळाबरोबरच तार बांधणे हाच सोपा मार्ग ठरतो. तिची उपयुक्तता प्रामुख्याने जुन्या इमारतींतील यंत्रबदलाच्या संदर्भात आहे.

सुरक्षितता : संदेशवहनाच्या खात्रीला अलीकडे आणखी एक कारण मिळाले आहे. हवामानावर कमी परिणाम करणारी आर-३२, प्रोपेन यांसारखी प्रशीतके कमीअधिक प्रमाणात ज्वालाग्राही आहेत. गळती झाल्यास खोलीतील संवेदकाने पंखा सुरू करणे, झडप मिटविणे व संपीडक थांबविणे अशा उपायांची तरतूद त्यांच्या वापराविषयीच्या सुरक्षा-मानकांत आहे. हा निरोप पोहोचला नाही, तर धोका माणसाच्या जिवाला असतो. नळ पूर्णपणे तुटल्यास त्यावरचा संदेशही तुटतो व बाह्य भाग ते मौन धोक्याची सूचना मानून थांबू शकतो. तथापि सूक्ष्म छिद्रातून होणाऱ्या गळतीने धातूची सलगता बिघडत नाही. संदेश नीट चालू असताना प्रशीतक खोलीत जमत राहू शकतो. म्हणून नळावरील संदेश हा गळतीच्या संवेदकाला पर्याय होऊ शकत नाही. तो त्याचा केवळ वाहक असू शकतो. निरोप न येणे हीच सूचना समजून यंत्र सुरक्षित स्थितीत यावे, हा तापचलित झडपेच्या कुपीत व ३ पौंडांच्या आरंभबिंदूत पाळला गेलेला नियम नव्या पद्धतींनाही तितकाच लागू आहे.